गुंतागुंतीची मेकॅनिकल घड्याळं : ठाणे-नवी मुंबईतल्या संग्राहकांसाठी

लंबक
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५ - २१:४०

नमस्कार मंडळी.

मेकॅनिकल घड्याळांबद्दल इथे अधूनमधून कुणी ना कुणी विचारतं, दोनचार प्रतिसाद येतात आणि धागा मागे पडतो. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यात घड्याळं जमवणारे बरेच जण आहेत, त्यातल्या काहींना मी ओळखतो. सगळ्यांची माहिती एका जागी यावी म्हणून हा धागा काढतोय. विषय मोठ्या मशीनचा: परपेच्युअल कॅलेंडर (महिन्याचे दिवस स्वतः ओळखणारं), मिनिट रिपीटर (वेळ वाजवून सांगणारं), क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं), टूर्बियाँ (वेळ राखणारा भाग फिरत्या पिंजऱ्यात असलेलं). अशी घड्याळं निवडायची कशी, घेताना बघायचं काय आणि आपल्या दमट हवेत ती सांभाळायची कशी.

माझं मत आधीच मांडतो, म्हणजे चर्चेला काहीतरी धरायला मिळेल. घड्याळ घ्यायच्या आधी त्याचं मशीन समजून घ्या. ब्रँड, किंमत, 'पुढे भाव वाढेल का' हे सगळं त्यानंतर. मशीन कळलं नसेल तर विकणारा सांगेल ते खरं मानावं लागतं, आणि बिघडलं तर घड्याळजीला काय सांगायचं तेही सुचत नाही.

उदाहरण म्हणून परपेच्युअल कॅलेंडर घ्या. महिना ३० चा की ३१ चा, फेब्रुवारी २८ चा की २९ चा, हे मशीनला कळतं कसं? डायलखाली एक चकती असते. ती चार वर्षांत एक फेरी पुरी करते आणि तिच्या कडेवर ४८ महिने कोरलेले असतात. ३१ दिवसांच्या महिन्याला कड पूर्ण उंच. ३० च्या महिन्याला थोडी खाच. २८ दिवसांच्या फेब्रुवारीला सगळ्यात खोल खाच आणि लीप वर्षाच्या फेब्रुवारीला त्याहून किंचित उथळ. एक मोठी लिव्हर रोज मध्यरात्री हलते, तिची चोच या कडेवर टेकलेली असते. चोच जितकी खोल उतरेल तितके जास्त दिवस ती लिव्हर महिनाअखेरीला एका ढकलण्यात पुढे नेते. २८ फेब्रुवारीच्या रात्री २९, ३०, ३१ हे तिन्ही आकडे ओलांडून तारीख थेट १ वर येते. काही मशीनमध्ये १२ महिन्यांचीच चकती असते आणि फेब्रुवारीसाठी तिच्यावर एक छोटी फिरती चकती बसवलेली असते, पण तत्त्व तेच.

चार वर्षांची ही आठवण एका धातूच्या चकतीच्या कडेवर कोरलेली आहे, हे मला पहिल्यांदा उघड्या मशीनवर दिसलं तेव्हापासून मी या विषयाचा झालो.

यातली एकच गोष्ट त्या चकतीला ठाऊक नसते. २१०० सालाला चारने भाग जातो, तरी ते लीप वर्ष नाही. त्यामुळे बहुतेक परपेच्युअल घड्याळं १ मार्च २१०० ला २९ फेब्रुवारी दाखवतील आणि त्या दिवशी कुणाला तरी ती हाताने पुढे करावी लागतील.

ज्यांना एवढी गुंतागुंत नको त्यांच्यासाठी ॲन्युअल कॅलेंडर आहे. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने ते १९९६ मध्ये आणलं. त्याला ३० आणि ३१ कळतात, फेब्रुवारी कळत नाही, म्हणून वर्षातून एकदा १ मार्चला तारीख लावायची. रोज वापरायला मला हे जास्त पटतं.

लिहा मंडळी. फोटो असतील तर मागच्या बाजूचेही टाका, मशीन दिसू दे.

घोडबंदरी
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५ - २२:१५

लंबककाका, अगदी वेळेवर धागा काढलात. मी कासारवडवलीला राहतो, आयटीत आहे. आजोबांची एचएमटी जनता मी रोज सकाळी चावी देऊन वापरतो, गोडी तिथूनच लागली. आता बोनसचे पैसे बाजूला ठेवून एक खरोखर चांगलं, अवघड मशीनचं घड्याळ घ्यायचा विचार आहे.

प्रश्न दोन. नवं साधं घ्यावं की त्याच पैशात जुनं गुंतागुंतीचं? आणि जुनं घ्यायचं तर क्रोनोग्राफ आधी की कॅलेंडर?

टूलरूम
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५ - ०७:०५

घोडबंदरी, क्रोनोग्राफ आधी. कारण सांगतो.

माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला गेली. डाय, पंच, फिक्स्चर, म्हणजे सुटे भाग बनवायची हत्यारं. त्यामुळे घड्याळ हातात आलं की ते बनवायला काय हत्यारं लागली असतील, हेच मी आधी बघतो. क्रोनोग्राफमध्ये तुम्ही बटण दाबता आणि काय हललं ते मागच्या काचेतून समोर दिसतं. कॉलम व्हील (बटणाचा हुकूम पुढे पोचवणारं, उभ्या खांबांचं चाक) एक खण फिरलं, क्लचचं चाक दात्यात शिरलं, ब्रेक उचलला गेला. कॅलेंडरचं सगळं काम डायलखाली आणि तेही मध्यरात्री चालतं. मशीन शिकायचं तर जे दिसतं तिथून सुरुवात करावी.

कॉलम व्हील आणि त्याच्या जागी येणारा कॅम (उंचसखल कडेचा सपाट तुकडा) यातला फरकही लक्षात घ्या. कॉलम व्हील बनवायला महाग, पण बटणाचा दाब हलका आणि एकसारखा लागतो. कॅमचं बटण जड, पण मशीन दणकट आणि दुरुस्तीला सोपं. १९७० च्या दशकातलं वाल्जू ७७५० हे कॅमवालं मशीन आजही कितीतरी कंपन्यांच्या घड्याळांत आहे. त्याला कमी लेखू नका.

झेनिथ या स्विस कंपनीच्या एल प्रिमेरो क्रोनोग्राफची हकीकत मला फार जवळची वाटते. १९६९ चं मशीन, तासाला ३६,००० ठोके, म्हणजे सेकंदाला १०. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सेइकोने ॲस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ आणलं आणि पुढच्या काही वर्षांत स्वित्झर्लंडमधले मेकॅनिकलचे कारखाने धडाधड बंद पडू लागले. १९७५ मध्ये झेनिथच्या तेव्हाच्या मालकांनी मेकॅनिकल मशीनचं उत्पादन थांबवून हत्यारं मोडीत काढायला सांगितलं. ल लोक्लच्या कारखान्यात चार्ल्स व्हेर्मो नावाचे एक कारागीर होते. त्यांनी ते ऐकलं नाही. कॅम, कटर, प्रेसची हत्यारं, नकाशे असं सगळं त्यांनी माळ्यावर नेऊन लपवलं आणि कशाचा काय उपयोग ते लिहून ठेवलं. १९८० च्या दशकात मेकॅनिकल घड्याळांना पुन्हा मागणी आली तेव्हा झेनिथला हे मशीन नव्यानं उभं करावं लागलं नाही. १९८८ च्या रोलेक्स डेटोनामध्ये याच मशीनची सुधारलेली आवृत्ती आहे.

एक डाय नव्याने बनवायला किती घाम गाळावा लागतो हे ज्याने केलंय त्याला या माणसाची किंमत कळेल. आमच्याकडे कंपन्या बंद झाल्या तेव्हा चांगली चांगली हत्यारं भंगारात किलोवर गेली, मी डोळ्यांनी बघितलंय.

कातरवेळ
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५ - १३:३०

सुंदर प्रतिसाद, टूलरूमकाका. व्हेर्मोंबद्दल पहिल्यांदाच वाचलं.

मी वाशीची. माझा जीव मिनिट रिपीटरमध्ये अडकलाय. स्वतःचं नाही, पण आमच्या ओळखीच्या एका संग्राहकांकडे ऐकलंय. डाव्या कडेची पट्टी सरकवली की घड्याळ वेळ वाजवून सांगतं. आधी तास, जाड आवाजात. मग पाव तास, दोन सुरांच्या जोडीने. मग उरलेली मिनिटं, बारीक आवाजात. सगळ्यात लांब वेळ १२ वाजून ५९ मिनिटांची: १२ जाड ठोके, ३ जोड्या, १४ बारीक. म्हणजे एकूण ३२ ठोके. त्यांनी मुद्दाम काटे त्या वेळेवर आणून ऐकवलं. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, आणि घड्याळ लाकडी टीपॉयवर ठेवल्यावर आवाज एकदम भरला.

हातोड्या केवढ्या असतात म्हणाल तर तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान वाटल्या मला. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, आत कडेने पोलादी तार वळवलेली असते, तिच्यावर त्या पडतात. केसच्या धातूने आवाज बदलतो. प्लॅटिनम आवाज गिळतं, गुलाबी सोनं आणि टायटॅनियम चांगले बोलतात असं ते म्हणाले, आणि त्यांच्याकडच्या दोन घड्याळांत तो फरक मलाही स्पष्ट ऐकू आला.

मला विचारायचंय ते पाण्याचं. आवाज बाहेर यायला हवा म्हणून बहुतेक रिपीटर पाण्यापासून फारसे सुरक्षित नसतात. मग जून ते सप्टेंबर आपल्याकडे ते घालायचेच नाहीत का?

लंबक
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५ - १४:१०

कातरवेळ, पावसाळ्यात बाहेर घालू नये हेच उत्तर. घरात, बंद खोलीत चालवावं, वाजवावं. आणि एक पथ्य अगदी पाळायचं: रिपीटर वाजत असताना काट्यांना हात लावायचा नाही. तो वाजतो तेव्हा आतले दांडे वेळेच्या चकत्यांवर टेकलेले असतात, मध्येच काटे फिरवले तर मोडतोड होते. नव्या घड्याळांत त्यापासून संरक्षण असतं, जुन्यात असेलच असं नाही.

पट्ट्यांचं वेगळं. चामड्याचा पट्टा जुलैमध्ये कपाटात ठेवला की पांढरी बुरशी धरतो. पावसाळ्यापुरता पट्टा काढून ठेवावा, घड्याळाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांनी तर नक्कीच. लॉकर बंद आणि हवा कोंडलेली, तिथे चामड्याचा मूळ डबा ठेवूच नये. घड्याळ स्वच्छ सुती कापडात आणि हवाबंद डब्यात ठेवावं.

चावीवाला
मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५ - २३:२०

दुकान बंद करून आता बसलोय लिहायला. वडिलांच्या काळापासून आमचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे, जांभळी नाक्याच्या बाजूला. घोडबंदरींनी जुन्या घड्याळाचं विचारलंय म्हणून काही गोष्टी सांगतो.

आपल्या भागात जुन्या घड्याळाची सगळ्यात मोठी अडचण रिडायल ही आहे. जगभरातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. खराब झालेलं डायल खरवडून त्यावर नवा रंग आणि नवी छपाई करायची, तीनचार मशीनचे सुटे भाग एकत्र करून एक चालतं घड्याळ बनवायचं, केस घासून चकचकीत करायची, असा हा प्रकार. सेइको ५, एचएमटी पायलट, फाव्र-लूबा यांत सर्रास. कंपनीने कधी काढलेच नाहीत असे रंग दिसले, नारिंगी, पोपटी, तर तिथेच थांबा.

गेल्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक फाव्र-लूबाचं सी चीफ घेऊन आलं. विकत घ्यायचं होतं, आधी दाखवायला आणलं. फाव्र-लूबा १७३७ पासूनचं नाव, आपल्याकडे आमच्या आजोबांच्या पिढीत लग्नात जावयाला देत. वरून घड्याळ छान होतं. मी भिंग लावलं. मिनिटांच्या बारीक रेघा १२ आणि ६ ला खुणांच्या बरोबर मध्यावर होत्या, पण ३ आणि ९ ला केसभर सरकलेल्या. कारखान्याची छपाई अशी सरकत नाही. 'स्विस मेड' ची अक्षरं जाड आणि कडेला शाई पसरलेली. खुणांच्या बुडाशी रंगाचा बारीक कडा साचलेला, म्हणजे खुणा न काढता वरून रंग मारलाय. मग मागचं झाकण काढलं. आत डायलचा एक पाय (मशीनला धरणारी खुंटी) तुटलेला आणि तिथे गोंद. गिऱ्हाइकाला दाखवलं, त्याने शांतपणे परत केलं.

हेच सगळं लाखांच्या घड्याळालाही लागू आहे. तिथे रिडायलपेक्षा पॉलिशचा धोका मोठा. केसच्या कानांच्या (पट्टा जोडतात त्या टोकांच्या) कडा धारदार हव्यात. गोल झाल्या असतील, सोन्यावरचा शिक्का पुसट झाला असेल, तर धातू घासला गेलाय. तो परत येत नाही.

मशीनचं म्हणाल तर टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून मशीनची चाल मोजणाऱ्या यंत्रावर, बघितल्याशिवाय घेऊ नका. पूर्ण चावी देऊन आडवं ठेवल्यावर बॅलन्सचा (मागेपुढे डुलणाऱ्या चाकाचा) झोका साधारण २७० ते ३०० अंश हवा. २२० च्या खाली असेल तर तेल वाळलंय, सर्व्हिसिंगचा खर्च किमतीत धरा. रोजचा फरक बघायचा तर स्विस क्रोनोमीटरची (अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या घड्याळाची) परीक्षा दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची आहे. जुन्या घड्याळाकडून तेवढी अपेक्षा नको, पण सगळ्या बाजूंना धरल्यावर फरक फार बदलता कामा नये.

माझी मर्यादाही सांगतो. ७७५० मी पूर्ण उघडतो, साफ करतो, तेल घालतो, जोडतो. परपेच्युअलचं मॉड्यूल किंवा रिपीटर मी उघडत नाही. त्याचं वेगळं शिक्षण लागतं, आणि ती घड्याळं बहुतेक वेळा कंपनीकडे परदेशातच जातात. महिनोनमहिने लागतात. घेण्याआधी विचारा: हे बिघडलं तर कोण उघडणार?

टूलरूम
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ - ०६:५०

चावीवाले, तुमच्यासारखं स्वतःहून 'हे मी उघडत नाही' म्हणणारा घड्याळजी मिळणं हेच भाग्य. तुमचा शेवटचा प्रश्न प्रत्येकाने लिहून ठेवावा.

भिंगाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. महागड्या मशीनमधल्या, चाकं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या (ब्रिजच्या) कडा ४५ अंशात तिरप्या करून चमकवलेल्या असतात. बाहेरचा कोपरा मशीनवर होतो. आतल्या बाजूला वळणारा कोपरा, जिथे दोन तिरप्या कडा टोकदार रेघेत मिळतात, तो फिरत्या कटरने होत नाही, कटरची गोलाई तिथे उरते. तो कानशीने आणि लाकडाच्या काडीने हातानेच करावा लागतो. स्विस घड्याळकार फिलिप दुफूर यांच्या २००० साली आलेल्या सिंप्लिसिटीची ख्याती यासाठीच. नावाप्रमाणे घड्याळ साधं, फक्त तास-मिनिट-सेकंद, पण हे कोपरे बघा. जाहिरातीत 'हँड फिनिश' लिहिलेलं असेल तिथे आतले कोपरे शोधा आणि मग ठरवा.

टूर्बियाँबद्दल मात्र लंबक, मी तुमच्याशी सहमत होणार नाही असं वाटतं. तुम्ही यादीत घेतलाय म्हणून बोलतो. घड्याळकार ब्रेगे यांनी २६ जून १८०१ ला त्याचं पेटंट घेतलं तेव्हा घड्याळ खिशात दिवसभर उभं असायचं. बॅलन्स जरा जरी एका बाजूला जड असला तरी त्या स्थितीत वेळ चुकायची. म्हणून बॅलन्स आणि एस्केपमेंट (चाकांना एकेक टप्प्याने सोडणारा भाग) एका पिंजऱ्यात घालून सगळा पिंजराच फिरवायचा, साधारण मिनिटाला एक फेरी, म्हणजे चूक चारी बाजूंना वाटली जाऊन फिटते. विचार अस्सल आहे. पण मनगट दिवसभर हलतंच. मनगटावर त्याचा उपयोग नाममात्र, आणि किंमत कैक पट. संग्रह सुरू करणाऱ्याने त्याच्या मागे लागू नये.

लंबक
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ - ०९:२५

उपयोगाबद्दल पूर्ण सहमत. तरीही यादीतून काढणार नाही. ग्रॅमच्या अंशाएवढ्या वजनाचा पिंजरा, त्यात डझनावारी भाग, आणि तो वर्षानुवर्षं न डगमगता फिरतो. हे हाताला जमणं किती अवघड आहे हे तुमच्याइतकं कुणाला कळणार? पहिलं घड्याळ म्हणून नको, हे मान्य.

निळीशाई
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ - ११:४५

मी नेरूळला सीए आहे. घड्याळातलं ज्ञान शून्य, नवऱ्याला नाद आहे म्हणून हा धागा वाचतेय. पैशाच्या बाजूने कुणी बोललेलं दिसलं नाही, म्हणून थोडक्यात.

दहा लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर) घेतो. तो वेगळा कर नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो, विवरणपत्र भरताना वळता करून घ्या. फॉर्म २६एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराच्या तक्त्यात) दिसतो की नाही तेवढं तपासा.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख कुणी स्वीकारू शकत नाही. हे बंधन रोख स्वीकारणाऱ्यावर आहे आणि दंडही त्यालाच, पण रोख मागणाऱ्या विक्रेत्याकडून महागडी वस्तू घ्यावीच का, हा विचार तुम्ही करा. बिल, अनुक्रमांक आणि बँकेतून दिलेले पैसे, या तिन्हींची फाइल ठेवा. विकताना, विम्याचा दावा करताना, वारसांना देताना तीच कामाला येते.

घरच्या विम्यात मौल्यवान वस्तू आपोआप पूर्ण धरल्या जात नाहीत. घड्याळाचं नाव, क्रमांक आणि किंमत वेगळी नोंदवावी लागते. हातात असताना बाहेर हरवलं किंवा चोरीला गेलं तर ते धरलंय का, हे पॉलिसीत वाचून घ्या.

परदेशी जाताना स्वतःचं महागडं घड्याळ घालून जाणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. परत येताना 'हे तिकडे घेतलं का' हा वाद होत नाही. स्विस घड्याळांवरची आयात ड्यूटी युरोपातल्या चार देशांशी झालेल्या करारामुळे टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय. ज्यांना घाई नाही त्यांनी हेही लक्षात ठेवावं.

घोडबंदरी
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ - १२:३०

निळीशाईताई, खूप आभार. वाचनखूण साठवली.

खाडीपलीकडे
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ - २१:१०

ऐरोलीहून. मला चंद्रकलेबद्दल लिहायचंय, इथे कुणी बोललं नाही अजून.

आमच्याकडे संकष्टी कडक पाळतात. चंद्रोदयाची वेळ पंचांगात बघायची आणि मग बाल्कनीतून समोरच्या इमारतींच्या वर चंद्र येतोय का ते बघायचं. त्यामुळे घड्याळातला चंद्र मला शोभेचा वाटत नाही, तो बरोबर असायला हवा असं वाटतं. साध्या चंद्रकलेच्या चकतीला ५९ दाते असतात आणि तिच्यावर दोन चंद्र. रोज एक दाता, म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. आकाशातल्या चंद्राला सरासरी २९ दिवस, १२ तास आणि ४४ मिनिटं लागतात. वरची ४४ मिनिटं दर महिन्याला साचत जातात आणि साधारण दोन वर्षं आठ महिन्यांनी घड्याळाचा चंद्र एक दिवस चुकतो. चांगल्या घड्याळांत चकती १३५ दात्यांची असते. तिथे एक दिवसाची चूक व्हायला १२२ वर्षं लागतात.

लावायचा कसा हे पुष्कळांना माहीत नसतं. अमावास्या-पौर्णिमा हाताशी असली की सोपं आहे. गेल्या बुधवारी, ५ तारखेला त्रिपुरी पौर्णिमा झाली. आज १२. तर चंद्र आधी पूर्ण गोल मध्यावर आणा आणि मग बटण सात वेळा दाबा. पुढची संधी ४ डिसेंबर, दत्तजयंतीची पौर्णिमा.

आणि लंबक, परपेच्युअल घड्याळ वापरात नसताना वाइंडरवर (घड्याळ फिरवून त्याला चावी देत राहणाऱ्या डब्यात) फिरत ठेवावं की थांबू द्यावं? दोन्ही मतं ऐकलीयत.

लंबक
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ - २२:००

चंद्राचा हिशोब फार छान सांगितलात. वाइंडरवर ठेवावं असं माझं मत. थांबलं की दिवस, तारीख, महिना, चंद्र असं सगळं लावत बसावं लागतं. केसच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी बटणं असतात, चुकीच्या वेळी दाबली तर आतल्या लिव्हरवर जोर येतो.

चावीवाला
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५ - २३:३५

मी उलट सांगेन. चालत्या मशीनची झीज होतेच आणि तेलही खराब होत जातं. मूठभर घड्याळं वाइंडरवर वर्षभर फिरवत ठेवायची आणि सर्व्हिसिंग मात्र टाळायचं, असं करणारे बरेच बघतो. रोजच्या वापरातलं एक परपेच्युअल असेल तर वाइंडर ठीक. बाकीची थांबू द्या, महिन्यातून एकदा चालवा. लावताना साधारण रात्री ८ ते पहाटे ४ या वेळेत तारखेच्या बटणांना हात लावायचा नाही. काटे आधी सहाच्या आसपास आणून ठेवायचे, मग बटणं. कंपनीचं पुस्तक असेल तर त्यातली वेळ अंतिम.

वाइंडरचंच निघालं म्हणून: घड्याळ एकाएकी दिवसाला मिनिट-दोन मिनिटं पुढे पळायला लागलं तर लगेच मशीन उघडायला देऊ नका. मोबाइलचं चुंबकवालं कव्हर, स्पीकर, पर्सचं बटण यांनी हेअरस्प्रिंग (बॅलन्सची बारीक स्प्रिंग) चुंबकाळते, तिची वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि बॅलन्स भरभर हलतो. चुंबक उतरवायचं यंत्र कुठल्याही घड्याळजीकडे असतं, काही सेकंदांचं काम आहे.

घोडबंदरी
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५ - २०:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या प्रतिसादांवरून शोध घेतला आणि एका घड्याळावर येऊन थांबलोय. आयडब्ल्यूसी या स्विस कंपनीचं जुनं दा विंची, परपेच्युअल कॅलेंडर आणि क्रोनोग्राफ एकत्र. मुंबईत एका जुन्या घड्याळांच्या विक्रेत्याकडे आहे. टूलरूमकाकांचा क्रोनोग्राफ आणि लंबककाकांचं कॅलेंडर, दोन्ही एकात. घ्यावं का?

लंबक
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५ - २१:२०

निवड उत्तम. हे १९८५ चं डिझाइन, आयडब्ल्यूसीचे घड्याळकार कुर्ट क्लाउस यांचं. त्यांनी कॅलेंडरचं सगळं काम ८१ भागांत बसवलं, आणि कडेची टोचायची बटणंच काढून टाकली. दिवस, तारीख, महिना, वर्ष, चंद्र असं सगळं एका क्राउनने (चावी द्यायच्या कडेच्या खुंटीने) एकत्र पुढे सरकतं. डायलवर वर्ष चारही आकड्यांत दिसतं. शतकाचे आकडे असलेली पट्टी पुढच्या शतकांसाठी वेगळी, काचेच्या नळीत घालून घड्याळासोबत देत असत. खाडीपलीकडे, यातली चंद्रकला तुमच्या १२२ वर्षांवाली आहे.

आणि खालचं मशीन टूलरूमच्या आवडीचं, वाल्जू ७७५० वर बेतलेलं.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेव. हे कॅलेंडर मागे येत नाही. क्राउन फिरवताना आजच्या तारखेच्या पुढे गेलं तर ती तारीख उजाडेपर्यंत घड्याळ थांबवून वाट बघायची, नाहीतर कंपनीकडे पाठवायचं. विक्रेत्याकडे घड्याळ कुठल्या तारखेवर उभं आहे ते पहिल्यांदा बघ. पुढच्या वर्षातली तारीख असेल तर कुणीतरी आधीच फिरवून ठेवलंय.

कातरवेळ
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५ - २१:५०

घोडबंदरी, मिळालं तर फोटो नक्की. ती काचेची नळी सोबत आहे का तेही विचार, मला बघायचीय.

चावीवाला
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५ - २३:४०

घोडबंदरी, पैसे देण्याआधी एवढं करून घ्या. मागचं झाकण उघडून मशीन आणि केस यांचे नंबर बघा, फोटो काढा, आयडब्ल्यूसीला पाठवून कधीचं आणि मूळ कुठल्या धातूच्या केसमधलं ते विचारा. शेवटचं सर्व्हिसिंग कधी आणि कुणी केलं, त्याचं बिल मागा. 'नुकतंच केलंय' हे तोंडी चालणार नाही. क्रोनोग्राफ चालू करून दहा मिनिटं ठेवा, शून्यावर आणा, तिन्ही काटे नेमके शून्यावर पडतात का बघा. चालू असताना बॅलन्सचा झोका फार खाली येत असेल तर क्लचमध्ये किंवा तेलात गडबड आहे.

तारीख बदलताना बघायची असेल तर विक्रेत्याला सांगा की काटे रात्री बारापर्यंत नेऊन दाखव. एकदाच, आणि घड्याळ आजच्या तारखेच्या मागे असेल तरच. तारीख आणि वार अर्धवट जागी अडकता कामा नयेत. महिनाअखेरची उडी बघायचा हट्ट मात्र तिथे धरू नका, त्यासाठी तारीख पुढे रेटावी लागेल.

कॅलेंडरच्या सर्व्हिसिंगचा अंदाज कंपनीच्या अधिकृत केंद्राकडून आधीच लेखी घ्या आणि तो आकडा किमतीतून वजा करून भाव बोला. टाइमग्राफर माझ्याकडे आहे, हातात धरून नेता येतो एवढा. शनिवारी दुपारी दुकान बंद असतं, तेव्हा जात असाल तर मी सोबत येतो. ठाण्याहून फास्ट पकडू.